डिजिटल ट्विनवर पीएचडी करायचीय? आधी बेअरिंग उघडून बघा

डिजिटल ट्विन म्हणजे खऱ्या यंत्राचं कॉम्प्युटरमधलं जुळं, त्याच्याबरोबर बदलणारं. माझ्या पीएचडीच्या पहिल्या सहा महिन्यांत मी एक देखणं थ्रीडी मॉडेल बनवलं होतं. लॅबमधली मोटर, शाफ्ट, बेअरिंग, सगळं स्क्रीनवर गरगरत होतं. माझ्या गाइड मॅडमनी ते बघितलं, उठून रिगपाशी, म्हणजे चाचणीसाठी मांडलेल्या खऱ्या यंत्रापाशी गेल्या आणि मोटरचा वेग निम्मा केला. स्क्रीनवरची मोटर आपली पहिल्याच वेगाने फिरत राहिली. "हे जुळं कसलं? हा तर फोटो," एवढंच म्हणाल्या.

नवख्यांचा घोळ इथेच होतो. २०१८ च्या एका पेपरमधली विभागणी पाठच करून टाका. माहिती हाताने भरायची ते डिजिटल मॉडेल. यंत्राकडून आपोआप येते पण परत काही जात नाही, ती डिजिटल शॅडो. दोन्हीकडून आपोआप ये-जा असेल तरच ट्विन. कल्पना मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये मिशिगन विद्यापीठात मांडली, नाव नासाच्या जॉन व्हिकर्स यांचं. इंटरव्ह्यूत विचारतात, म्हणून सांगून ठेवते.

मग मी कंपनं मोजणारा सेन्सर लावला. आमचं बेअरिंग ६२०५ नंबरचं, आत ९ छर्रे. मोटर १४४० आरपीएमवर, म्हणजे सेकंदाला २४ फेरे. बाहेरच्या रिंगला चीर गेली तर छर्रे तिच्यावर आपटतात आणि कंपनांच्या आलेखात साधारण ८६ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८६ ठोक्यांपाशी, टोक दिसायला हवं. मला दिसलं ५० हर्ट्झला! दोन दिवस मी त्यावर सिद्धांत रचत बसले. लॅबमधल्या काकांनी येऊन मोटर बंद केली, तरी टोक जागच्या जागी. तो वीजपुरवठ्याचा गुणगुणाट होता, अर्थिंग नीट नव्हतं.

एआयने त्याहून गोड फसवलं. केस वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटीचा बेअरिंग डेटासेट या क्षेत्रात सगळेच वापरतात. कंपनांवरून दोष ओळखणाऱ्या माझ्या न्यूरल नेटवर्कने (एआयचा एक प्रकार) त्यावर ९९ टक्क्यांच्या वर अचूकता दिली आणि मी घरी पेढे नेले. मॅडमनी विचारलं, "ट्रेनिंग आणि टेस्ट वेगळं कसं केलंस?" एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे करून दोन्हीकडे वाटले होते. म्हणजे पेपर फुटलेला. वेगळी बेअरिंग टेस्टला ठेवली तेव्हा आकडा धाडकन खाली आला. शिवाय त्या डेटासेटमधले दोष 'स्पार्क' मशीनने, म्हणजे ठिणग्यांनी धातू कोरून, मुद्दाम पाडलेले आहेत. कारखान्यातलं बेअरिंग हळूहळू, बेशिस्तपणे झिजतं.

आता खरी अडचण. कारखान्यात बेअरिंग मरेपर्यंत कोणी वाट बघत नाही, आधीच बदलतात. त्यामुळे निरोगी मशीनचा डेटा पोत्याने मिळतो, आजारी मशीनचा चिमूटभर. एआयला शिकवायचं कशावर? इथे ट्विन कामाला येतं: मॉडेलमध्ये चीर पाडायची, वाढवायची आणि तो कृत्रिम डेटा नेटवर्कला द्यायचा. मॉडेल रिगशी जुळत नसेल तर मात्र नेटवर्क आपल्याच चुका घोकतं. म्हणून माझा निम्मा वेळ मॉडेल जुळवण्यात जातो.

पायथन सगळ्यांनाच येतं. सिग्नल प्रोसेसिंग आणि कंपनशास्त्र पक्कं करा. गाइड निवडण्याआधी लॅब बघा. चालू मशीन आहे का, सेन्सर कोण लावतं, हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा, सरांना नको.

माझ्या रिगवर आता कंपनं वाढली की मॉडेल स्वतःच मोटरचा वेग उतरवतं. मधे दोनेक सेकंद जातात. सध्या माझा सगळा जीव त्या दोन सेकंदांत अडकलाय.