शपथ पाठ करण्याआधी तिचे तुकडे पाडा

रत्नागिरी, मालवणात सैन्यदलांच्या भरतीची तयारी करणारी मुलं सैनिकाची शपथ घोकतात, पण अर्थाला हात लावत नाहीत. आधी ती चार तुकड्यांत फोडा: ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा (दोन्ही चालतात, निवड आपली), संविधानाशी निष्ठा, जमिनीवर, समुद्रात किंवा हवेत जिथे पाठवतील तिथे जाणं, आणि राष्ट्रपती व वरिष्ठांच्या आज्ञा जीव धोक्यात घालूनही पाळणं. सगळ्यात मोठी चूक दुसऱ्या तुकड्यात होते. निष्ठा सरकारशी किंवा एखाद्या नेत्याशी नाही, संविधानाशी आहे. हे मुलांच्या मनात पक्कं बसलंच पाहिजे.

मग ब्रीदवाक्यं. नौदलाचं ‘शं नो वरुणः’ किनाऱ्यावर सर्रास ‘वरून’ असं ऐकू येतं आणि अर्थच बुडतो. ‘ण’ला जीभ टाळूकडे वळवा, शेवटचा विसर्ग हलका ‘ह’ सोडून उच्चारा. ‘नो’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. संधीमुळे ‘नः’चं ते रूप, अर्थ ‘आम्हांला’. वरुण आम्हांला कल्याणकारी होवो: समुद्रावर पोट असलेल्यांना हे वेगळं समजावावं लागत नाही. तटरक्षक दलाचं ‘वयं रक्षामः’ सोपं: आम्ही रक्षण करतो.