पुण्यात राहून सागरी शिंपल्यांच्या संवर्धन-पैदाशीची पूर्वतयारी

पुण्याहून जवळात जवळचा समुद्र रस्त्याने शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीही संकटग्रस्त सागरी शिंपल्यांची बंदिस्त पैदास शिकायची असेल तर येथे राहून काय करता येईल, असे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी मला दरवर्षी विचारतात. माझे उत्तर असे की जवळजवळ सगळी पायाभूत कौशल्ये येथे शिकता येतात, मात्र ती संकटग्रस्त प्राण्यावर शिकायची नसतात. महाकाय शिंपले, काही मोठे शंख आणि गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत बसवलेला पातळ, अर्धपारदर्शक शिंपला यांसारख्या जातींना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. त्यांना परवानगीशिवाय पकडणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. म्हणून सरावासाठी कोकणच्या बाजारात मिळणारे शिनाणे, म्हणजे हिरव्या कवचाचे शिंपले, किंवा खडकावरची कालवे घ्यावीत. आणलेल्या प्राण्याची ओळख पटवण्याविषयी शंका असेल तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आकुर्डीला आहे. तेथे विचारणा केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पाण्याच्या तपशिलात शिरण्यापूर्वी एक उदाहरण नीट समजून घेतले पाहिजे, कारण या कामातील खरी अडचण त्यातून कळते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पांढरा ॲबलोनी नावाचा, कानाच्या आकाराचे एकच कवच असलेला प्राणी आढळतो. १९७० च्या दशकात त्याची बेसुमार पकड झाली. १९९६ मध्ये मासेमारी बंद झाली, पण संख्या घटतच राहिली. याचे कारण साधे आहे. हा प्राणी अंडी आणि शुक्रजंतू थेट पाण्यात सोडतो, त्यामुळे नर आणि मादी एकमेकांपासून काही मीटरांच्या आत असतील तरच फलन होते. उरलेले प्राणी इतके विखुरले होते की जिवंत असूनही त्यांना संतती होणे जवळपास अशक्य झाले. २००१ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली नोंदला गेलेला हा पहिला सागरी अपृष्ठवंशी प्राणी. त्याच वर्षी बंदिस्त अवस्थेत त्याची पैदास झाली आणि पिल्लांची संख्या लाखाच्या घरात गेली. पुढे त्यांतील बहुतेक पिल्ले एका जिवाणूजन्य रोगाने मेली. २०११ मध्ये हा कार्यक्रम कॅलिफोर्नियातील बोडेगा सागरी प्रयोगशाळेकडे गेला, २०१२ मध्ये तेथे पुन्हा पैदास साधली आणि समुद्रात पहिली पिल्ले सोडायला २०१९ उजाडले. एका रोगाने किती वर्षे नेली ते या तारखांवरून दिसते. म्हणून मी अंडी कशी मिळवावीत हे आधी शिकवत नाही. पाणी, स्वच्छता आणि निरीक्षण या क्रमानेच शिकवतो.

पाणी

पुण्यात समुद्राचे पाणी दोन मार्गांनी मिळते. एक तर ताम्हिणी घाटातून खाली उतरून ते पिंपांतून आणावे. असे केल्यास जून ते ऑक्टोबर हा काळ टाळावा, कारण त्या काळात नद्यांच्या गोड्या पाण्याने किनाऱ्यालगतची क्षारता खूप खाली येते आणि गाळही बराच असतो. जानेवारी ते मे या महिन्यांत, भरतीच्या वेळी आणि खाडीच्या मुखापासून दूर पाणी भरावे. दुसरा मार्ग कृत्रिम समुद्री क्षाराचा. त्यासाठी शंभर लिटरला सुमारे साडेतीन किलो क्षार लागतो, पण अचूक माप क्षार पूर्ण विरघळल्यावर, म्हणजे किमान एक दिवस हवा सोडून ढवळल्यानंतर, रिफ्रॅक्टोमीटरनेच, म्हणजे क्षारता मोजण्याच्या उपकरणानेच, घ्यावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण कवच बांधायला लागणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात नसते. बोअरचे पाणी टाळावे. नळाचे पाणी वापरायचे असल्यास त्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने नाहीसे करावे, आणि शक्य असेल तर आरओचे पाणी घ्यावे. क्षारता हजारी ३३ ते ३५ आणि सामू (पीएच) ८ ते ८.२ या मर्यादेत ठेवावा.

मी स्वतः एक चूक केली आणि ती महाग पडली. टाकीच्या नळीला मी पितळेची तोटी लावली होती. पितळेत तांबे असते आणि शिंपल्यांच्या डिंभांना, म्हणजे अंड्यातून निघालेल्या सूक्ष्म, पोहणाऱ्या बाल-अवस्थेला, तांबे अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते. पाण्याची नेहमीची सगळी मापे चांगली येत होती, तरी तीन दिवसांत सगळे डिंभ तळाला गेले. तेव्हापासून माझ्या खोलीत पाण्याला धातूचा स्पर्श होत नाही. नळ्या, तोट्या, बादल्या सगळे प्लास्टिकचे किंवा काचेचे असते आणि नवे प्लास्टिकही काही दिवस खाऱ्या पाण्यात भिजवून मगच वापरतो. माशांच्या औषधांत तांब्याचे क्षार अनेकदा असतात, त्यामुळे पूर्वी मासे ठेवलेली टाकी शिंपल्यांसाठी घेऊच नये.

पुण्याच्या हवेशी संबंधित तीन गोष्टी किनाऱ्यावरच्या मार्गदर्शिकांत सापडत नाहीत. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब कमी असतो आणि पाण्यात विरघळणारा प्राणवायूही किनाऱ्याच्या मानाने सहा-सात टक्क्यांनी कमी पडतो. म्हणून पाण्यात बुडबुडे सोडणारे हवेचे दगड जास्त लावावेत. दुसरे, मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत बाष्पीभवन फार होते. वाफ झालेल्या पाण्याबरोबर क्षार जात नाही, त्यामुळे टाकीत भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. ही चूक नवशिक्यांकडून हमखास होते. तिसरे, एप्रिलमध्ये खोलीचे तापमान अडतीस अंशांच्या वर गेले तर शिनाणेसुद्धा तग धरत नाहीत, मग थंड पाण्यातला ॲबलोनी तर दूरच राहिला. चिलर, म्हणजे पाणी गार ठेवणारे यंत्र, नसेल तर सराव नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळापुरता ठेवावा. वीज जाते तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आपोआप सुरू होईल अशी सोय असावी. माणूस धावत येईपर्यंत उशीर झालेला असतो.

जैविक फिल्टर, म्हणजे प्राण्यांच्या उत्सर्गातला विषारी अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंचा थर, तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकल्याखेरीज एकही प्राणी आणू नये.

प्राणी आणणे आणि वेगळे ठेवणे

शिनाणे पाण्यात बुडवून आणू नयेत. ओल्या गोणपाटात गुंडाळून, गारव्यात, वाऱ्यापासून झाकून आणल्यास ते दिवसभर सुखरूप राहतात. झुपक्यातून वेगळे करताना त्यांचे चिवट तंतू ओढू नयेत, कात्रीने कापावेत, कारण ओढल्याने आतल्या अवयवाला इजा होते. ॲबलोनीबाबत तर ही काळजी दसपट घ्यावी लागते. त्याच्या रक्ताला गोठण्याची क्षमता जवळजवळ नसते, त्यामुळे पायाला लागलेली छोटी जखमही त्याचा जीव घेऊ शकते. तो सावध होऊन घट्ट धरण्यापूर्वीच, बोथट प्लास्टिकची पट्टी पायाखाली अलगद सरकवून त्याला उचलावे लागते.

आलेला प्रत्येक प्राणी मुख्य टाकीपासून वेगळ्या टाकीत, शक्यतो वेगळ्या खोलीत, किमान चार आठवडे राहिला पाहिजे. त्या टाकीची जाळी, बादली, टॉवेल, सगळे स्वतंत्र हवे. कामाचा क्रमही ठरलेला असावा: आधी डिंभ, मग पिल्ले, मग निरोगी प्रजनक आणि सर्वांत शेवटी वेगळे ठेवलेले प्राणी. उलट दिशेने कधीही जाऊ नये.

कवचाचीही तपासणी करावी. दक्षिण आफ्रिकेतून व्यापारी ॲबलोनीबरोबर कॅलिफोर्नियात गेलेला एक सूक्ष्म नळीवासी किडा कवचाच्या कडेवर वस्ती करून त्याची वाढच विकृत करतो. बोडेगात प्राण्यांच्या कवचांवर मधमाशीचे मेण आणि खोबरेल तेल यांचा लेप देतात, त्यामुळे कवचातले उपद्रवी जीव गुदमरून मरतात. लेप कवचाच्या श्वसनछिद्रांत आणि मांसल भागावर जाणार नाही हे पाहणे एवढेच त्यातले कसब आहे. हा सराव शिनाण्याच्या रिकाम्या कवचांवर आधी करून पाहावा.

पैदास

ॲबलोनीचा पाय बाजूला सारून जननग्रंथी पाहता येते: नराची फिकट पिवळसर, मादीची हिरवट किंवा करडी. शिनाण्यात नराची दुधाळ पांढरी आणि मादीची नारिंगी असते, पण ती कवच उघडल्यावरच दिसते. ॲबलोनीला प्रवृत्त करण्यासाठी सौम्य अल्कधर्मी केलेल्या समुद्राच्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालण्याची पद्धत डॅनियल मोर्स यांच्या गटाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. अतिनील किरणांतून काढलेले पाणीही वापरले जाते. पक्व नसलेला प्राणी मात्र कोणत्याही उपायाने अंडी देत नाही आणि वारंवार प्रयत्न केल्यास तो खंगतो. शिनाण्यांना पाण्याचे तापमान चार-पाच अंशांनी वाढवणे बहुधा पुरते. एकाने शुक्रजंतू सोडले की इतरही सोडू लागतात, तेव्हा नर आणि मादी ताबडतोब वेगवेगळ्या भांड्यांत ठेवावेत.

फलनात घाई बाधते. शुक्रजंतू जास्त घातले तर एका अंड्यात अनेक शिरतात आणि भ्रूण विकृत होतो. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक अंड्याभोवती मोजकेच शुक्रजंतू दिसतील इतके विरल द्रावण घ्यावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी वरचे पाणी ओतून टाकून अंडी धुवावीत. नोंदवहीत प्रत्येक नर-मादीच्या जोडीची नोंद वेगळी ठेवावी. संवर्धनासाठी पैदास करताना एकाच जोमदार नराकडून सगळी अंडी फलित करणे हे मोठे नुकसान आहे, कारण त्या जातीत उरलेली आनुवंशिक विविधता एका पिढीत आटते. ॲबलोनीच्या कवचावर राणीमाशीसाठी वापरतात तसे छोटे अंकित बिल्ले चिकटवतात. शिनाण्यांवर तीच सवय लावून घ्यावी.

पुढचा टप्पा दोन्ही प्राण्यांत फार वेगळा आहे. ॲबलोनीचे डिंभ काहीच खात नाहीत. ते अंड्यातल्या साठ्यावर आठवडा-दहा दिवस पोहतात आणि डायाटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा पातळ थर किंवा गुलाबी चुनखडी शैवाल लाभले की तेथेच बसतात. म्हणजे डिंभ तयार होण्यापूर्वी कित्येक आठवडे डायाटमच्या तक्त्या तयार असाव्या लागतात. शिनाण्याचे डिंभ मात्र पहिल्या दिवसानंतर इंग्रजी डी अक्षरासारखे होतात आणि लगेच सूक्ष्म शैवाल मागतात. आयसोक्रायसिस किंवा कीटोसेरॉस यांचे निर्मळ संवर्धन आधीपासून चालू नसेल तर चौथ्या दिवशी टाकी रिकामी झालेली दिसते. शैवाल वाढवता येईपर्यंत प्रजननाचा प्रयोग पुढे ढकलावा.

आजार ओळखणे

रोज एकाच वेळी, एकाच व्यक्तीने, खाणे देण्यापूर्वी प्राणी पाहावेत. शिनाण्याच्या कवचावर हलकेच टिचकी मारल्यावर ते चटकन मिटले पाहिजे. सावकाश मिटणारे किंवा उघडे राहणारे आजारी असते. ॲबलोनीच्या बाबतीत पकड ढिली होणे, स्पर्शाला शृंगिका मागे न घेणे, खाणे कमी होणे आणि पाय आकसून कवचाच्या मानाने लहान दिसणे ही क्षयासारख्या त्या जिवाणू रोगाची लक्षणे आहेत. हा जिवाणू पचनमार्गाच्या पेशींत वाढतो, विष्ठेतून पाण्यात पसरतो आणि पाणी उबदार झाले की प्राणी झपाट्याने खंगतो. म्हणूनच वर चिलरचा उल्लेख केला.

त्यावर ऑक्सिटेट्रासायक्लिन उपयोगी पडते, पण मात्रा जलचरांच्या पशुवैद्यानेच ठरवावी. समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या औषधाला बांधून ठेवतात, प्रकाशात ते निकामी होते आणि मुख्य टाकीत घातल्यास जैविक फिल्टरचे उपयुक्त जिवाणूही मरतात. उपचार अंधाऱ्या, स्वतंत्र भांड्यातच व्हावेत. डिंभांवर मात्र प्रतिजैविके वापरूच नयेत, असे माझे ठाम मत आहे. व्हिब्रिओ जिवाणू वाढले की डिंभ एक-दोन दिवसांत तळाला जातात. डिंभांचा तो सगळा गट ब्लीचिंग पावडरने नष्ट करून भांडी वाळवणे आणि नव्याने सुरुवात करणे हेच हिताचे असते.

मेलेला प्राणी फ्रीजरमध्ये टाकणे ही नेहमीची चूक. गोठवल्याने पेशींची रचना बिघडते आणि ऊतींची तपासणी करता येत नाही. ताज्या मृताच्या पचनग्रंथीचा एक तुकडा डेव्हिडसन द्रावणात (ऊती टिकवणाऱ्या रसायनात) ठेवून एक-दोन दिवसांनी सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये हलवावा, आणि दुसरा तुकडा पंचाण्णव टक्के अल्कोहोलमध्ये जनुकीय चाचणीसाठी ठेवावा. तारीख, टाकी, बिल्ल्याचा क्रमांक आणि त्या आठवड्यातले पाण्याचे तापमान चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावे, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

टाकीतून निघणारे पाणी ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करून, काही तास थांबून मगच ड्रेनेजमध्ये सोडावे. ते मुळा-मुठेत किंवा ओढ्यात कधीही ओतू नये. सरावात वाढलेले शिनाणे कोकणात फिरायला जाताना समुद्रात परत सोडण्याचा मोह विद्यार्थ्यांना फार होतो आणि त्यामागचा जिव्हाळा मला समजतो. पण प्रयोगशाळेत वाढलेला प्राणी रोगतपासणीशिवाय समुद्रात गेला तर तेथल्या निरोगी शिनाण्यांपर्यंत आपणच रोग नेऊन पोहोचवू शकतो. असे शिनाणे पुढच्या तुकडीच्या सरावासाठी टाकीतच ठेवावेत.