लिंक विकत घेऊ नका, ओळखीत मागा

‘दोन हजारांत पाचशे बॅकलिंक’ (म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून तुमच्या साइटवर येणाऱ्या लिंक) असा मेसेज आला तर सरळ डिलीट करा. रँकिंगसाठी, म्हणजे गुगलच्या शोधात वर दिसण्यासाठी, लिंक विकत घेणं गुगलच्या नियमांत बसत नाही. एप्रिल २०१२ मध्ये गुगलने शोधाच्या पद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलानंतर अशा लिंक घेतलेल्या कित्येक साइट खाली घसरल्या. त्यापेक्षा आपली खातेवही उघडा. समजा, येवल्यात तुमचं पैठणीचं दुकान आहे. रेशीम पुरवणारा व्यापारी, तुमचा माल ठेवणारी पुण्यातली दुकानं, व्यापारी संघटना यांच्यापैकी कुणाकुणाची वेबसाइट आहे ते बघा आणि फोन करून लिंक टाकायची विनंती करा. मेलपेक्षा फोनच बरा, ओळखीचा आवाज कुणी टाळत नाही. लिंक ‘इथे क्लिक करा’वर नको, ‘येवल्याची हातमागावरची पैठणी’ अशा शब्दांवर हवी. मात्र सगळ्यांना एकच वाक्य देऊ नका, ज्याला त्याला आपल्या शब्दांत लिहू द्या. आणि ती लिंक होमपेजऐवजी थेट पैठणीच्या पानावर उघडली पाहिजे.