एअर सस्पेन्शनच्या पिकअपला ट्रेलर हिच कसा बसवावा: आधी जॅक मोड, मग टेप

बैलगाडी भरणाऱ्यांकडे दोन नेमके शब्द होते. ओझं पुढे जास्त झालं तर गाडी धुरजड, मागे जास्त झालं तर उलाळ. अमेरिकेत पिकअपमागे कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) ओढायला लागल्यावर मला आजोळचे हे दोन्ही शब्द आठवले, कारण सगळं गणित त्यांच्यात बसतं. ट्रेलर थोडा धुरजड हवा आणि त्याच्या ओझ्याने ट्रक उलाळ व्हायला नको.

साध्या स्प्रिंगचा किंवा पाट्यांचा ट्रक उलाळ झाला की डोळ्यांना दिसतो: मागून बसतो, नाक वर करतो. एअर सस्पेन्शनचा ट्रक मात्र लपवतो. शिवनेरीतून मुंबई-पुणे केलेल्यांना हवेच्या फुग्यांचं सुख ठाऊक आहे. पिकअपमध्ये त्याच फुग्यांना उंची मोजणारे सेन्सर जोडलेले असतात. मागे ओझं आलं की कॉम्प्रेसर घरघरतो, हवा भरतो आणि मिनिटभरात ट्रक समपातळीत. उंची जागेवर येते, पण पुढच्या चाकांवरून उठलेलं वजन उठलेलंच राहतं. पहिल्या वर्षी मी याच भ्रमात होतो. ट्रक-ट्रेलर कसे सरळ रेषेत दिसतायत म्हणून फोटोसुद्धा काढले, आणि हायवेवर स्टिअरिंग इतकं हलकं लागलं की घरी येईपर्यंत खांदे आखडले.

वजन किती उठतं ते बघा. ६,००० पाउंडांचा ट्रेलर, म्हणजे साधारण २,७२० किलो. टंगवर (ट्रेलरच्या पुढच्या जोडदांडीवर), म्हणजे ती ज्यावर बसते त्या ट्रकमागच्या बॉलवर, त्याच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. आपण १० टक्के, ६०० पाउंड धरू. बॉल मागच्या अॅक्सलच्या (आसाच्या) ६५ इंच मागे आणि ट्रकचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, १४५ इंच असेल, तर पुढच्या चाकांवरून ६०० × ६५ ÷ १४५, म्हणजे जवळपास २७० पाउंड कमी होतात आणि मागच्या अॅक्सलवर ८७० वाढतात. यातला काही भाग पुढे परत ढकलायचं काम वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे (भार वाटून देणाऱ्या जोडणीचे) स्प्रिंग बार, म्हणजे ताण घेऊन वाकणारे दांडे, करतात. फुग्यांना ते जमत नाही.

आधी स्टिकर वाचा

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं-पांढरं स्टिकर माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालतील ते सांगतं. टंगचं वजन यातूनच वजा होतं, हे अनेकजण विसरतात. रिसीव्हरवर, म्हणजे मागच्या चौकोनी नळीवर, दोन आकडे असतात: नुसत्या बॉलवर किती आणि वेट डिस्ट्रिब्यूशनसह किती. स्प्रिंग बारसुद्धा टंगच्या भारानुसार वेगवेगळ्या क्षमतेचे मिळतात. फार दणकट बार घेतले तर ते वाकतच नाहीत आणि ट्रेलरच्या फ्रेमला हादरे बसतात. म्हणून ‘असू दे, जास्तीचे घेऊ’ ही आपली सवय इथे आवरायची.

बॉलची उंची

सपाट काँक्रीटवर ट्रेलर जॅकने समतल करा आणि जमिनीपासून कपलरच्या (टंगच्या टोकाला बॉलवर बसणाऱ्या वाटीच्या) आतल्या छतापर्यंत मोजा. ट्रक प्रवासाला निघताना जसा भराल तसाच भरून, नॉर्मल राइड हाइटवर ठेवा आणि बॉलचा माथा मोजा. पाट्यांच्या ट्रकला बॉल इंचभर वर ठेवतात, कारण ओझं आल्यावर मागचा भाग खाली बसणारच असतो. हवेचा ट्रक परत वर येतो, त्यामुळे एवढी सूट लागत नाही. समान किंवा अर्धा इंच वर पुरे. ट्रेलरचं नाक वर राहता कामा नये, किंचित खाली चालेल. बॉलचा आकार कपलरवर कोरलेला असतो, मोठ्या कॅम्परला बहुधा २-५/१६ इंची. सव्वा इंची शँकच्या (बॉलखालच्या आट्यांच्या दांड्याच्या) बॉलच्या नटला ४३० ते ४५० फूट-पाउंड टॉर्क लागतो. घरच्या पान्याने तो येत नाही, दुकानातून कसून आणा.

मुख्य काम: जॅक मोड

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळी चूक इथेच होते. मला बार लावून देणाऱ्या माणसाने ट्रकचं सस्पेन्शन चालूच ठेवलं होतं. बार ताणले की ट्रकची मागची बाजू उचलली जाते, सेन्सरला वाटतं ओझं कमी झालं, तो हवा सोडतो, आणि बारचा ताण बदलतो. तुम्ही पुन्हा ताणता, तो पुन्हा हवा सोडतो. दोघं एकमेकांशी भांडत बसतात आणि शेवटी मोजलेल्या उंचीला काहीच अर्थ उरत नाही.

माझ्या रॅम १५०० च्या मॅन्युअलमधली पद्धत अशी. दुसऱ्या कंपनीचा ट्रक असेल तर त्याचं मॅन्युअल उघडा, उंची किती उतरवायची तो आकडा वेगळा असू शकतो.

१. ट्रक ट्रेलरसमोर आणून उभा करा, पण जोडू नका. उंची नॉर्मलवर, इंजिन चालू.

२. स्क्रीनवर सस्पेन्शनच्या सेटिंगमधून टायर जॅक मोड लावा. आता फुगे उंची सुधारायच्या फंदात पडणार नाहीत. ट्रक ताशी ५ मैलांच्या वर गेला की मोड रद्द होतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

३. पुढच्या चाकाच्या कमानीची वरची कड जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. ही पहिली उंची. फेंडरला मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावरच आकडा लिहा.

४. बार न लावता ट्रेलर जोडा, टंग जॅक (टंगखालचा जॅक) पूर्ण वर घ्या. पुन्हा तिथेच मोजा. ही दुसरी उंची. ट्रक उलाळ झालाय, म्हणजे ती जास्त भरणार.

५. आता बार लावून एवढेच ताणा की वाढलेली उंची निम्म्याने उतरेल. समजा पहिली उंची ३८ इंच, दुसरी ३९, तर ३८.५ वर थांबायचं. नाक पूर्ण ३८ वर आणायचा मोह होतो, पण मॅन्युअल निम्म्यावरच थांबायला सांगतं.

बार चढवायला आधी टंग जॅकने कपलरसकट ट्रकची मागची बाजू दोन-तीन इंच उचला, मग ताण बराच हलका होतो. बारची साखळी अडकवलेला ट्रेलरच्या फ्रेमवरचा कंस दांड्याने दाबताना त्या दांड्याच्या रेषेत डोकं किंवा हनुवटी ठेवू नका. सटकला तर हाड मोडतो. साखळीच्या एका कडीने उंची जास्त आणि पुढच्या कडीने कमी येत असेल तर कडीशी झगडू नका, ट्रेलर सोडून हिचच्या डोक्याचा कोन एक वॉशरने बदला. यात माझी एक अख्खी शनिवार सकाळ गेली, बायकोने दोनदा चहा अंगणातच आणून दिला.

६. जमलं की मोड बंद करा. हवा भरेल, सुटेल, ट्रक पुन्हा सरळ उभा राहील. आता फेंडर मोजून काहीही कळणार नाही.

काट्यावर चढा

म्हणूनच पुढचा थांबा वजनकाटा. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात, तिथे प्रत्येक अॅक्सलगटाचं वजन वेगळं छापून मिळतं. तीन वजनं करा: बार लावून, बार काढून, आणि नुसता ट्रक. वरच्याच उदाहरणात नुसत्या ट्रकच्या पुढच्या अॅक्सलवर ३,३०० पाउंड असतील, तर ट्रेलर जोडून बार नसताना ३,०३० भरतील. बार लावल्यावर ३,१६५ च्या आसपास यायला हवेत, म्हणजे गेलेल्यातले निम्मे परत. मागचा अॅक्सल दाराच्या चौकटीवरच्या मर्यादेत आहे ना, तेही तिथेच पाहून घ्या.

बाकीची जोडणी नेहमीचीच. सेफ्टी चेन कपलरखाली कातरीसारख्या एकमेकींवरून, म्हणजे कपलर सुटला तर त्यांच्या झोळीत पडतो. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) थेट ट्रकला, चेनला नाही. सात पिनांचा प्लग, दिवे, ब्रेक कंट्रोलर.

नेमकी कडी सापडली की तिला रंगाचा ठिपका द्या. पण दरवेळी जोडताना बार चढेपर्यंत जॅक मोड लावायचाच, नाहीतर टंग जॅक उचलताच फुगे हवा सोडायला लागतात. मी टंग जॅकच्या दांड्याला लाल चिंधी बांधली आहे, मोड बंद केल्यावरच ती सोडतो. ट्रेलर सोडतानाही मोड लावून ठेवा, नाहीतर ओझं सुटताच ट्रकची मागची बाजू उसळते आणि बॉल कपलरमध्ये अडकतो. पाण्याची टाकी भरून निघालात किंवा सायकली मागे लादल्यात, तर टंगचं वजन बदललं. मग टेप पुन्हा बाहेर काढा.