सुमेरी टेकाडावर पहिल्यांदा काम करताना

उर या प्राचीन सुमेरी शहरातल्या राजकबरींतलं सोनं पाहून या विषयाकडे वळणारे बरेच असतात. दक्षिण इराकमधल्या टेकाडावर, म्हणजे जुन्या वस्तीच्या थरांनी बनलेल्या उंचवट्यावर, मात्र बहुतेक दिवस मातीतून माती वेगळी काढण्यात जातात. भिंती कच्च्या विटांच्या आणि त्यांच्यावर कोसळलेला ढिगाराही त्याच विटांचा. महाराष्ट्रातल्या इनामगावसारख्या पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीच्या) टेकाडावर हात बसलेल्यांनाही सुरुवातीला इथे भिंत दिसत नाही.

ती खणून नाही, खरवडून सापडते. ऊन तिरपं असताना पृष्ठभाग खुरप्याने सपाट करायचा, झाडायचा, हवा तर पाण्याचा हलका फवारा मारायचा. वीट आणि सांध्यातला गारा वेगवेगळ्या गतीने सुकतात; तेवढ्या वेळात सांधे दिसतात. ते लगेच टोकाने कोरून घ्या, दुपारी काहीही दिसणार नाही. दक्षिण इराकमधल्या अबू सलाबिख इथे पुरातत्त्वज्ञ निकोलस पोस्टगेट यांच्या चमूने १९७० च्या दशकात फक्त वरचा थर खरवडून घरांचे नकाशे मिळवले. वीट खालून सपाट आणि वरून फुगीर असेल तर काळ आद्य राजवंशांचा, साधारण इ.स.पू. २९०० ते २३५०.

खापरांवरून काळ ठरवताना नवखे हमखास फसतात. विटांसाठी माती जुन्या वस्तीतूनच खणलेली असते, त्यामुळे नव्या भिंतीत शेकडो वर्षं जुनी खापरं निघतात. उलट, वरून खणलेला खड्डा नवी खापरं खाली नेतो. म्हणून विटेतली, ढिगाऱ्यातली आणि जमिनीवर पडलेली खापरं वेगवेगळ्या पिशव्यांत भरायची. घराच्या वापराचा काळ जमिनीवरची सांगतात. आद्य राजवंशांच्या आधीच्या उरुक काळातले जाडेभरडे, तिरक्या काठाचे वाडगे तर ढिगांनी निघतात. सगळे मोजा, चित्र मोजक्यांचंच काढा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मुद्रांच्या ठशांचं. दार किंवा रांजण बंद करून त्यावर लावलेला आणि दंडगोल मुद्रा फिरवलेला ओल्या मातीचा गोळा भाजलेला नसतो. तो खापरांच्या पाटीत गेला आणि धुवायच्या बादलीत पडला की पाच मिनिटांत चिखल. मुठीएवढं गुळगुळीत ढेकूळ दिसलं तर त्याला पाणी लावू नका, सावलीत हळूहळू वाळू द्या. मग आधी मागची बाजू पाहा. पुढच्या चित्रात सिंह-बैल झुंजत असतात, सगळे तिकडेच बघतात. खरी माहिती मागे असते. खुंटीचा गोल खळगा आणि त्याभोवती दोरीचे वेढे असतील तर तो दाराचा ठसा. काठाची वक्र रेषा आणि कापडाची वीण असेल तर रांजणाचा, बोरूची वीण असेल तर टोपलीचा किंवा चटईचा. रांजण दुसऱ्या गावाहून ठशासकट येऊ शकतो, दार येत नाही. म्हणजे तिथल्या कोठाराचा ताबा कुणाकडे होता हे दाराचे ठसे सांगतात. फोटो घेताना प्रकाश एका बाजूने, अगदी तिरपा हवा.

कीलाकार (खिळ्यांसारख्या खुणांच्या) लिपीतल्या मातीच्या लेखपाट्यांनाही हेच पथ्य: पाणी नाही, ऊन नाही, अक्षरांत ब्रश घासणं नाही.

भूजल खारट असल्याने भाजलेल्या भांड्यांतही मीठ मुरलेलं असतं. धुऊन तशीच वाळवली तर मिठाचे स्फटिक पृष्ठभागाचे पापुद्रे काढतात. पाणी बदलत भिजवायचं आणि वाहकता मापकावरचा (पाण्यात किती मीठ उतरलंय ते दाखवणाऱ्या यंत्रावरचा) आकडा स्थिरावला की थांबायचं. मऊ, कमी भाजलेलं भांडं भिजवू नये.

मण्यांचा दोरा कुजलेला असतो, त्यामुळे त्यांचा क्रम मातीतच टिकलेला असतो. एक जरी मणी कौतुकाने उचलला तरी तो क्रम मोडतो. उरच्या राजकबरी खणणाऱ्या लेनर्ड वुली यांनी तिथे वितळलेलं मेण आणि कापड वापरून दागिने आहेत तसे उचलले. ७४ देह असलेल्या एकाच खड्ड्यातले शिरोभूषणांचे क्रम त्यामुळे कळले. आता मेणाऐवजी आपोआप उडून जाणारं सायक्लोडोडेकेन हे मेणासारखं रसायन वापरता येतं. पांढरी नक्षी काढलेले कार्नेलियनचे (तांबूस अकीकाचे) मणी निघाले तर ते सिंधू संस्कृतीशी ताडून पाहा. हडप्पाकालीन मणी हाताळलेले भारतीय विद्यार्थी इथे कामाला येतात.

वस्तू इराकबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे रेखाटन, वजन आणि फोटो हंगामातच उरकावे लागतात. जाण्याआधी खापरांचं रेखाटन पक्कं करा आणि ‘उर ऑनलाइन’ या संकेतस्थळावर वुलींची मूळ नोंदपत्रं चाळा. काठाचा तुकडा वर्तुळाच्या ५ टक्क्यांहून लहान असेल तर व्यासाचा रकाना रिकामा सोडा.