अ‍ॅम्बॅसेडर मिस मारतेय? टॅपेट आवळण्याआधी या चुका टाळा

गाडी स्लोला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) लंगडते, बॉनेटखालून टकटक येते, आणि शेजारी उभा असलेला जाणकार लगेच सांगून मोकळा होतो: "टॅपेट आवळून घ्या." या सल्ल्यापायी चांगली चालती इंजिनं हेड (सिलिंडरवरचा भाग) उतरवायच्या पाळीला येतात. टकटक आणि मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) ही बहुतेक वेळा दोन वेगळी दुखणी असतात. टॅपेट म्हणजे वाल (व्हॉल्व्ह) आणि त्याला दाबून उघडणारा रॉकर यांच्यातली जुळवणी. तिथे थोडा गॅप लागतो, म्हणून या इंजिनाचा टॅपेट थोडा वाजणारच. तो अगदी गप्प झाला तर मात्र काळजी करा.

पुढचं सगळं १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाबद्दल आहे, म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डकडून आलेल्या, वर रॉकर आणि खाली पुशरॉड असलेल्या जुन्या इंजिनाबद्दल. तुमच्या गाडीत इसुझूचं १८०० किंवा डिझेल असेल तर इथले आकडे वापरू नका.

चूक पहिली: कोणता सिलिंडर मेलाय हे न बघताच सामान बदलणं

प्लग, कॉइल, कंडेन्सर, पॉइंट असं ठिणगीचं सगळं सामान एका दमात नवं घातलं, तर गाडी सुधारली तरी दोष कशात होता ते कळत नाही. आणि सुधारली नाही तर नव्या सामानावरही संशय घ्यावा लागतो. इंजिन स्लोला ठेवून इन्सुलेटेड पक्कडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढा. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर जिवंत आहे. काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच. मग त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून बघा. दोष प्लगसोबत सरकला तर प्लग बदला, विषय संपला. नाही सरकला तर वायर आणि डिस्ट्रिब्युटरची (चारही प्लगना वीज वाटणाऱ्या भागाची) कॅप बघा. (डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट बसवलेलं असेल तर वायर अशी मोकळी सोडू नका, किट जळू शकतं.)

पावसाळ्यात सकाळी सकाळी चारही सिलिंडर आळीपाळीने मिस मारत असतील तर आधी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर पुसून उपयोग नाही, कॅपच बदला. वायरी पुसायला काढाल तेव्हा एकेक काढून एकेकच परत लावा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आहे. दोन वायरींची अदलाबदल झाली की निस्तरत बसावं लागतं.

मिसिंग कधी होतं हेही लक्षात घ्या. घाटात लोडवर मिस मारते आणि स्लोला ठीक असते, तर प्लगचा गॅप, पॉइंट, कॉइल किंवा पेट्रोलचा पुरवठा तपासा. प्लगचा गॅप ०.०२५ इंच आणि पॉइंटचा ०.०१५ इंचाच्या आसपास हवा. उलट, स्लोला लंगडते पण रेस दिली की सरळ होते, तर वाल गळत असेल किंवा मॅनिफोल्डमधून हवा ओढली जात असेल. सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरून बघा. तो मधूनमधून आत ओढला जात असेल तर एक्झॉस्ट वालवर दाट संशय घ्यायला हरकत नाही.

चूक दुसरी: कॉम्प्रेशन न तपासता टॅपेट कव्हर उघडणं

गरम इंजिन, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. असं करून स्टार्टर मारत कॉम्प्रेशन गेजने (सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या) चारही सिलिंडरचे आकडे घ्या. एकच सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, जैसे थे राहिला तर वाल. शेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे एकत्र पडले असतील तर त्यांच्यामधला हेड गॅस्केट उडालेला असण्याची शक्यता जास्त. मग टॅपेट कितीही जुळवा, गाडी सरळ होणार नाही.

चूक तिसरी, आणि सगळ्यात महागडी: आवाज बंद होईपर्यंत आवळणं

एक्झॉस्ट वाल आपली बरीचशी उष्णता सीटवर (हेडमधल्या बैठकीवर) टेकून हेडमध्ये सोडतो. गॅप उरला नाही तर वाल नीट टेकत नाही, तापत जातो आणि कडेने जळतो. त्यात या हेडचं बीड (ओतीव लोखंड) जुन्या काळचं आणि सीट त्यातच कापलेल्या. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं त्या सीटना जपायचं. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं आणि सीट हळूहळू झिजू लागल्या. सीट झिजली की वाल वर सरकतो आणि गॅप आपोआप कमी होतो. एलपीजी किंवा सीएनजी किट असेल तर हे आणखी लवकर होतं. आवाज वाढत नाही, उलट इंजिन शांत वाटू लागतं, आणि मालक खूश असतो.

गॅप थंड इंजिनावर ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर. इथे मिलिमीटरचं फिलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्यांचा संच) हातात असलेला माणूस हमखास फसतो. "पंधराची पट्टी" म्हणून ०.१५ मिमीची पट्टी घालतो आणि गॅप निम्म्याहूनही कमी करून ठेवतो.

मापानुसार गॅप ठेवूनही टकटक जात नसेल तर रॉकरचं टोक बघा. वालच्या दांड्यावर आपटून तिथे खळगा पडलेला असतो. पट्टी खळग्यावरून आडवी जाते, त्यामुळे खरा गॅप पट्टीपेक्षा जास्त राहतो. रॉकर घासून सपाट करून घ्या किंवा बदला. स्क्रू आवळत बसू नका.

चूक चौथी: अंदाजाने वाल निवडणं

रॉकर हाताला सैल लागतो म्हणून तो वाल जुळवू नका, कॅम (वाल ढकलणारा उंचवटा) अर्ध्यावर असू शकतो. पुढून मागे वालना १ ते ८ नंबर द्या. प्लग काढून इंजिन हँडलने फिरवा. जो वाल पूर्ण उघडा असेल त्याचा नंबर ९ मधून वजा करा, येईल तो वाल जुळवा. आठवा उघडा असेल तर पहिला, सहावा उघडा तर तिसरा.

स्क्रू ड्रायव्हरने धरून ठेवा आणि मगच लॉकनट आवळा. आवळताना गॅप हमखास बदलतो, म्हणून पट्टी पुन्हा घालून बघा. ती किंचित अडखळत सरकली पाहिजे. रॉकरच्या स्टँडचे काही नट हेडचेही असतात, तेव्हा हेड आवळायचं असेल तर ते आधी. नंतर आवळलंत तर सगळे गॅप पुन्हा मोजावे लागतील. शेवटी टॅपेट कव्हरचं कॉर्कचं पॅकिंग नवं घाला आणि नट बेताने आवळा, नाहीतर कव्हर वाकून ऑइल एक्झॉस्टवर गळतं आणि गाडीत जळका वास येत राहतो.