मोबाइलच्या खोक्यावरचा आयपीचा आकडा असा वाचा

‘वॉटरप्रूफ आहे भाऊ’ एवढ्या शब्दावर फोन घेऊ नका. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत तो रोज वापरायचा असेल, तर खोक्यावर ‘आयपी’ (IP, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचाव किती ते सांगणारी खूण) याच्या पुढचे दोन आकडे पाहा.

१. पहिला आकडा धुळीचा, ० ते ६. ५ म्हणजे थोडी धूळ आत जाईल, पण काम अडणार नाही. ६ म्हणजे अजिबात जाणार नाही. मे महिन्यात वावटळ उठली की खिशातल्या फोनच्या स्पीकरच्या जाळीतही माती बसते, म्हणून मी ६ च बघतो.

२. दुसरा पाण्याचा. ४ म्हणजे शिंतोडे, ५ आणि ६ म्हणजे जोराची धार, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे. ८ असेल तर खोली आणि वेळ कंपनी ठरवते, माहितीपत्रकात बघा.

३. आकड्याच्या जागी ‘एक्स’ असेल, तर त्या बाबतीत काहीच हमी नाही.

७ आहे म्हणजे ५-६ आलेच, असं मात्र धरू नका. हौदात पडून वाचलेला फोन फुटलेल्या पाइपच्या धारेनं बिघडू शकतो. दोन्ही हवं असेल तर ‘आयपी६६/६८’ असं जोडून लिहिलेलं शोधा.

जपायचं एकच: ही चाचणी नव्या फोनवर, साध्या पाण्यात होते. फवारणीचं औषध किंवा विद्राव्य खताचं पाणी त्यात येत नाही. आणि स्क्रीन बदलायला फोन एकदा उघडला, की खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका.